सातव्या प्रश्नापुढची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्यांच्यासोबत वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत काढली त्या मित्रांनाही नाही. सांगायचं ठरवून दोनदा तोंड उघडलं होतं — आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून गेलो. म्हणून आज लिहितोय. लिहिताना समोर कुणाचा चेहरा नसतो, एवढीच सोय.

मी हाडांचा डॉक्टर. गिरगावात वाढलो, परळच्या एका मोठ्या रुग्णालयात शिकलो, आता दादरला माझं स्वतःचं क्लिनिक आहे. माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. डॉक्टर शांतपणे ऐकून घेतात, घाई करत नाहीत, असं म्हणतात. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांना शिकवायला जातो, तिथेही माझं एकच पालुपद असतं — पेशंट जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहा. पोरं मान डोलावतात. त्यांना वाटतं, सरांची ही शिस्त असेल. शिस्त कसली?

मूळ गोष्टीकडे येतो. अकरा वर्षं झाली तिला.

पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात प्रबंध लिहावा लागतो. माझा विषय होता गुडघ्यातल्या कूर्चेची झीज. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. ती झिजली की हाडावर हाड घासतं, जिना चढताना माणूस कण्हतो. अशा रुग्णांना गुडघ्यात एक ठरावीक इंजेक्शन द्यायचं, आठ महिन्यांत चार वेळा बोलावून दुखणं किती उरलंय ते मोजायचं, सुरुवातीला आणि शेवटी गुडघ्याचा एमआरआय काढायचा. तीस रुग्ण हवे होते. आणि एक अट होती, साधी आणि योग्य अट — ज्याला मणक्याचा आजार आहे किंवा तशी शंकाही आहे, त्याला या अभ्यासात घ्यायचं नाही. कारण मणक्यातली नस दबली की पायाच्या तक्रारी सुरू होतात, आणि मग त्रास गुडघ्याचा किती आणि मणक्याचा किती ते कळेनासं होतं. फॉर्मवर यासाठीच सातवा प्रश्न होता. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे — हो किंवा नाही. योग्य चौकोनात खूण करा.

एकोणतीस रुग्ण झाले होते. नवीन रुग्ण घ्यायची मुदत त्या आठवड्यात संपत होती.

मंगळवारी दुपारी इंदूमावशी आल्या. इंदुमती तांबे. (नाव बदललंय. पण ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.) नायगावच्या चाळीत राहायच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, सुजाता, महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. मावशी घरी ब्लाऊज शिवायच्या. सगळ्या नायगावात त्यांच्या हाताला नाव होतं; लग्नसराईत बायका भायखळ्यापासून यायच्या म्हणे. वय अठ्ठावन्न. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला लागल्या की समोरच्याला हसू यावं अशा.

गुडघे दुखतात म्हणून आल्या होत्या, आणि गुडघे खरोखरच झिजलेले होते. एक्स-रे बघूनच मी मनात म्हटलं — मिळाला तिसावा.

फॉर्म भरायला घेतला. पहिले सहा प्रश्न भराभर झाले. सातवा विचारला.

मावशी म्हणाल्या, "मुंग्या अशा नाही बघा. पण चप्पल निघून जाते पायातली, आणि मला कळतच नाही. परवा भोईवाड्याच्या नाक्यावरून एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी घरापर्यंत आले. मागून भाजीवाली आली धावत — अगो इंदू, ही तुझीच ना?" आणि हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "आणि सुईत दोरा ओवताना हात फसतो हल्ली. डोळ्याचा नंबर काढून आणला नवीन. तरी फसतो. डोळ्याचं नसावं ते."

डॉक्टर नसलेल्यांसाठी सांगतो. पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, हाताला बारीक काम जमेनासं होतं — ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की हाडांच्या डॉक्टरने पेन खाली ठेवायचं असतं. मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजून मागे सरकतात आणि मज्जारज्जूला चेपायला लागतात. दुखत नाही फारसं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण मज्जारज्जूचं जे गेलं ते बहुतेक वेळा परत येत नाही. लवकर पकडलं तर शस्त्रक्रियेने उरलेलं वाचवता येतं. लवकर — सगळी गोम त्या शब्दात आहे.

मला हे माहीत नव्हतं का? होतं. त्याच महिन्यात मी वॉर्डात दोन विद्यार्थ्यांना हेच शिकवलं होतं.

तपासायला वेळ नव्हता का? रिफ्लेक्स बघायची रबरी हातोडी ॲप्रनच्या खिशात होती. गुडघ्याखाली दोनदा मारायची, मनगटाजवळ दोनदा मारायची. एक मिनिटसुद्धा लागत नाही. मी खिशात हात घातलाही होता. मूठ हातोडीच्या दांड्याभोवती आवळली — आणि तशीच सोडून दिली. मारली असती तर कळलं असतं. कळलं असतं तर लिहावं लागलं असतं. लिहिलं असतं तर तिसावा रुग्ण गेला असता.

मी म्हटलं, "वयानं होतं मावशी तसं. गुडघा बरा झाला की चालही सुधारेल."

आणि सातव्या प्रश्नापुढे "नाही" या चौकोनात खूण केली.

त्यांनी खाली सही केली. सावकाश, एकेक अक्षर जुळवत — इंदुमती — आणि "ती"ची वेलांटी देताना पेन घसरलं. तेही मी पाहिलं.

हीच कबुली आहे असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं. चूक झाली, तरुण होतो, मुदत डोक्यावर होती. पण चूक एकदा होते. मी जे केलं ते आठ महिने चाललं होतं.

दुसऱ्या भेटीला त्या एकट्याच आल्या. जिना चढताना कठडा घट्ट धरत होत्या. तिसऱ्या भेटीला सुजाताचं कोपर धरून आल्या. ओपीडीच्या लांब व्हरांड्यातून येताना मी त्यांना लांबूनच पाहिलं. पाय फाकवून, जपून जपून टाकत होत्या, होडीत उभं राहिल्यावर माणूस टाकतो तसे. ती चाल पुस्तकात असते. मी व्हरांड्यातून आत गेलो, खुर्चीवर बसलो आणि त्या आत आल्यावर विचारलं, "गुडघा कसा आहे?"

गुडघा बरा होता! दुखणं कमी झालं होतं, दर भेटीला कमीच होत होतं. का नाही होणार? त्यांचं चालणंच सुटत चाललं होतं. बाजारात जात नव्हत्या, चाळीचा जिना उतरत नव्हत्या. आणि पायांची जाणीवही हळूहळू बोथट होत असणार. मी आकडा लिहून घेतला. माझ्या तीस रुग्णांमध्ये सगळ्यात चांगला निकाल त्यांचा होता.

सुजाता त्या दिवशी म्हणाली होती, "डॉक्टर, आईला हुक लावायला जमत नाही आता ब्लाऊजला. मी शाळेतून येऊन लावते."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघू आपण."

पुढच्या वेळी! तिसरी भेट आणि चौथी भेट यांच्यात दहा आठवडे होते. मी तेव्हाच मानेचा एमआरआय लिहून दिला असता तर? पण मग त्यांना अभ्यासातून वगळावं लागलं असतं, आणि पहिल्या दिवसाचा फॉर्म कुणीतरी पुन्हा उघडून पाहिला असता. आता मुद्दा तिसाव्या रुग्णाचाही राहिला नव्हता. आता मी त्या खुणेला घाबरत होतो.

चौथी भेट झाली. शेवटचा आकडा लिहिला, गुडघ्याचा शेवटचा एमआरआय झाला, फाईल पुरी झाली. आणि त्याच दुपारी — हे लिहायलाच हवं — त्याच दुपारी मी खिशातून हातोडी काढली. त्यांच्या गुडघ्याखाली मारली. पाय ताडकन उडाला, नको इतका. मनगटावर मारली, बोटं आत वळली. मी कपाळाला आठ्या घातल्या. जणू हे मला आत्ताच कळत होतं! लगबगीने फोन केले, मणक्याच्या विभागात स्वतः व्हीलचेअर ढकलत घेऊन गेलो, दुसऱ्या दिवशीचा एमआरआय लावून घेतला. तिथले वरिष्ठ डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले, "बरं झालं तू पकडलंस. अजून दोन महिने गेले असते तर बाई अंथरुणाला खिळली असती."

सुजाताने माझे हात हातात घेतले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. शस्त्रक्रियेत कसलीच उणीव नव्हती. पण जे गेलं होतं ते गेलं होतं. मावशी वॉकर घेऊन चार पावलं चालायच्या. बोटं मिटायची, पण सुई धरता यायची नाही. चमचा कसाबसा.

आता जे सांगायचं आहे ते इथे येतं. इतका वेळ मी त्याच्या भोवतीच फिरत होतो.

शस्त्रक्रियेनंतर पाचवा-सहावा दिवस असेल. सकाळचा राऊंड. वरिष्ठ डॉक्टर, दोन नर्स, मी, आणि पलंगाशी सुजाता. वरिष्ठांनी सहज विचारलं, हे सगळं सुरू कधी झालं? सुजाता म्हणाली, "आई कधी काही सांगतच नाही हो. दुखलं खुपलं सगळं पोटात ठेवते."

मावशींच्या मानेला पट्टा होता. मान वळवता येत नव्हती, म्हणून फक्त डोळे माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "सांगितलं होतं की. डॉक्टरना सांगितलं होतं ना मी? पहिल्यांदा आले तेव्हा. चपलेचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या हातात त्यांची फाईल होती. मी ती उघडली. अगदी शांतपणे पानं उलटली, फॉर्म काढला, सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "नाही मावशी. मी विचारलं होतं, बघा. इथे 'नाही' लिहिलंय. तुम्ही विसरला असाल."

सुजाता म्हणाली, "बघ. मी म्हटलं ना? तू सांगितलंच नसणार. मनातल्या मनात सांगितलं असशील."

मावशी त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना मराठी उत्तम वाचता यायचं, पण फॉर्म इंग्रजीत होता. थोड्या वेळाने म्हणाल्या, "असेल. मला वाटलं सांगितलं म्हणून."

एवढंच. भांडल्या नाहीत. स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला. त्यांचे हातपाय जाण्यात माझा जो वाटा होता तो होताच — पण त्या सकाळी मी त्यांची आठवणही काढून घेतली. त्यांची खरी, स्वच्छ, भाजीवालीसकट सगळी आठवण. आणि तिच्या जागी एक अपराध ठेवला, जो त्यांचा नव्हता.

प्रबंध मंजूर झाला. दादरला एका परिषदेत मी तो वाचून दाखवला, टाळ्याही पडल्या. कुणीतरी विचारलं, मणक्याचे रुग्ण वगळले होते ना? मी म्हटलं, काटेकोरपणे.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला सुजाताने मला घरी बोलावलं. टाळायला हवं होतं. गेलो. न गेलो तर त्यांना काही संशय येईल, अशी भीती. दहा बाय बाराची खोली, कोनाड्यात पांढरी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे मोगऱ्याची फुलं. खिडकीपाशी शिलाई मशीन होतं. त्यावर चादर घालून वर औषधांचे डबे मांडले होते. सुजाताने खीर दिली. शेजारच्या दोघीतिघी मला बघायला आल्या होत्या — इंदूला वाचवलं ते हे डॉक्टर. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. त्या बायकांना म्हणाल्या, "डॉक्टरपाशी सगळं बोलायचं गं बायांनो. लाजायचं नाही. मी वेळेवर बोलले नाही, बघा कशी झाले. ह्यांचा काय दोष?"

खीर गोड होती. मी वाटी संपवली. दुसऱ्यांदा वाढली तीही संपवली.

त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. परळ सोडलं, दादरला क्लिनिक थाटलं, लग्न झालं, मुलगी झाली. नायगाव माझ्या क्लिनिकपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. अकरा वर्षांत त्या रस्त्याने गाडी वळवायची वेळ आली की मी दुसरीकडून वळवली. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मात्र मी चपलेचं विचारतो. गुडघ्याचा असो, खांद्याचा असो. त्यातून काहीजण खरंच वेळेवर सापडले. एक गोष्ट स्पष्ट करतो — त्या बऱ्या झालेल्यांची आणि इंदूमावशींची बेरीज-वजाबाकी मी कधीच करू शकलेलो नाही. ती होतच नाही.

गेल्या महिन्यात सुजाता क्लिनिकमध्ये आली. मी तिला ओळखलं नाही. केस पिकलेत, चष्मा लागलाय. खुर्चीवर बसल्यावर म्हणाली, "तांबे. नायगावच्या. आईचं ऑपरेशन…" आणि मग सांगितलं की मावशी तीन वर्षांपूर्वी गेल्या. हृदयविकाराने, एका सकाळी, चहा घेताना.

तिची स्वतःची मान दुखत होती. पर्समधून तिने फुलस्केप कागद काढला, चार घड्या घातलेला. दोन्ही बाजूंनी भरलेला, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात. म्हणाली, "आईसारखं नको व्हायला, म्हणून सगळं लिहून आणलंय. काही राहायला नको सांगायचं."

मी वाचायला लागलो. कुठल्या तारखेला मान धरली, फळ्यावर लिहिताना किती वेळाने खांदा भरून येतो. एकदा डाव्या अंगठ्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं, दोन मिनिटं. एकदा जिन्यात पाय अडखळला — पण दिवा गेलेला होता, असं कंसात. चप्पल निसटत नाही, असं स्वतंत्र ओळीत लिहून खाली रेघ मारलेली.

मी तिला पाऊण तास तपासलं. काही नव्हतं, स्नायू आखडले होते, वह्या तपासण्याच्या बैठकीने. तसं सांगितलं तेव्हा तिचे खांदे एकदम खाली आले. पाणी प्यायली. आणि मग, उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्यामुळे तुझं आयुष्य अडकलं. मीच बोलले नाही म्हणून. आणि मीसुद्धा ऐकवायचे हो तिला. दमून घरी आले, चिडले, की ऐकवायचे — तेव्हा तोंड उघडलं असतंस तर. ती गप्प बसायची. आता वाटतं, कशाला बोलत होते."

ती दाराशी उभी होती. बाहेर एकच पेशंट बसलेला. मला सांगता आलं असतं. जीभ टाळ्याला चिकटली नव्हती, आवाजही शाबूत होता.

मी म्हणालो, "तुम्ही खूप केलंत त्यांचं."

तिने मान हलवली, आभार मानले आणि गेली.

म्हणून ही पानं. छापायला देण्याआधी मी एक प्रत नायगावला नेऊन तिच्या हातात देणार आहे. त्या प्रतीत नावं खरी आहेत, माझंही. विद्यापीठालाही वेगळं पत्र लिहिलंय, तिसाव्या रुग्णाबद्दल आणि त्या फॉर्मबद्दल. त्यातून जे व्हायचं ते होईल. सुजाताने काय करावं, काय म्हणावं, हे माझ्या मनात ठरवून मी हे लिहिलेलं नाही. तिने काही न म्हणता दार लावून घेतलं तरी ते तिचंच आहे.

पण तिला एवढं कळायला हवं. तुमच्या आईने सांगितलं होतं, सुजाताताई. पहिल्याच दिवशी, मी विचारल्याबरोबर, काहीही न लपवता. मी ते ऐकलं होतं, मला ते समजलंही होतं. त्या विसरल्या नव्हत्या.